प्रोजेक्टरची वायर: कल्याणच्या कंदिलापासून जत्रेतल्या तंबूपर्यंत

ऑफिसातली कुठलीही मीटिंग घ्या. पहिली पाच-सात मिनिटं ठरलेली असतात. लॅपटॉप उघडतो, वायर लागते, पडद्यावर निळा चौकोन येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'नो सिग्नल'. मग कुणीतरी वायर काढून परत लावतं, कुणी रिमोट शोधतं, कुणी "रीस्टार्ट कर" असा आपल्या धंद्यातला रामबाण सल्ला देतं. चित्र आलं की आवाज नसतो. आवाज आला की तो लॅपटॉपच्याच पोटातून येतो. एकूण दहा इंजिनियर, आठ-दहा लाखांची उपकरणं आणि एक वायर. जिंकते नेहमी वायरच :)

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही. पडद्यावर चित्र पाडणं ही गोष्ट तुलनेनं सोपी, आणि माणसानं ती फार पूर्वीच साधली. अवघड आहे ती जोडणी. चित्र एका वाटेनं येतं, आवाज दुसऱ्या, वीज तिसऱ्या. या तिन्ही वाटा एका ठिकाणी आणि एका क्षणी मिळाल्या तरच 'शो' होतो. मागच्या सव्वाशे वर्षांत ही गाठ मारायची पद्धत पाच-सहा वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी ती सोडवणारा माणूसही बदलला. हा सगळा बदल उघड्यावर बघायचा तर सातारा-सांगलीसारखा मुलूख नाही. का, ते सांगतो.

हाच मुलूख का?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सातारा आणि सांगली हे दोन वेगळे जिल्हे ही अलीकडची गोष्ट. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' असा वेगळा जिल्हा झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. त्यामुळे जुन्या गोष्टींत हा सगळा एकच पट्टा समजायचा.

दुसरं म्हणजे या पट्ट्याला खेळाची जुनी सवय. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, १८४३ मध्ये. बालगंधर्वांचा जन्म नागठाण्याचा, १८८८ चा. सांगलीच्या शेजारचं कोल्हापूर म्हणजे तर मराठी सिनेमाचं माहेरच. बाबूराव पेंटरांनी तिथे १९१८ मध्ये स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला. 'प्रभात'ची सुरुवातही तिथलीच, १९२९ ची.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जत्रा. मार्गशीर्षात म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ आणि पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा आणि खरसुंडीचा जनावरांचा बाजार, चैत्रात शिखर शिंगणापूर. सुगी झाल्यापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत कुठे ना कुठे माणूस जमलेला. हातात थोडे पैसे, रात्री मुक्काम, आणि करमणूक हवीच. पक्कं थिएटर बांधणं तालुक्याच्या गावालाच परवडायचं. बाकीच्यांकडे थिएटरच चालत यायचं, म्हणजे टुरिंग टॉकीज. आपल्या भाषेत, तंबूतला सिनेमा.

पण तंबूत शिरायच्या आधी जरा मागे जाऊ.

कंदील आणि निवेदक

महाराष्ट्रातल्या 'प्रोजेक्टर'ची एक गाजलेली गोष्ट कल्याणची आहे. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. नाव घाबरवणारं असलं तरी वस्तू सोपी आहे. इंग्रजीत जिला मॅजिक लँटर्न म्हणतात तीच ही. एका पेटीत दिवा, समोर भिंग, आणि मध्ये हातानं रंगवलेली काचेची पट्टी. दिव्याचा उजेड काचेतून पडद्यावर. काचा भराभर सरकवल्या किंवा एकावर एक हलवल्या की चित्रातले राम-रावण चक्क हालचाल करायचे. लुमिए बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ ला. म्हणजे त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट.

यात आवाज कुठून यायचा? माणसाच्या गळ्यातून. चित्राशेजारी उभं राहून निवेदन, संवाद, गाणी. मुका सिनेमा आला तेव्हाही हीच व्यवस्था राहिली. ३ मे १९१३ ला फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्यातही आवाज नव्हताच. त्या काळी पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा, आणि पडद्यावरच्या पाट्या ज्यांना वाचता यायच्या नाहीत त्यांच्यासाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवायचं. मशीन हातानं फिरवायचं. फिरवणारा दमला की हिरो सावकाश चालायचा, युद्ध सुरू झालं की वेग आपोआप वाढायचा!

आपल्या भाषेत सांगायचं तर चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या सिस्टिम्स होत्या आणि मधला इंटरफेस होता माणूस. त्याची मोठी सोय म्हणजे तो कधीच हँग होत नसे. रीळ तुटलं तर निवेदक दोन विनोद सांगून वेळ मारून नेणार. दिवा विझला तर पेटीवाला एखादं पद वाजवणार. चित्र आणि आवाज एकमेकांना न बांधल्यामुळे एक पडलं तरी दुसरं चालू राहायचं.

एकवीस फ्रेमचा हिशेब

१४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. सिनेमा बोलायला लागला. आता आवाज गळ्यातून नाही, मशीनमधून यायला हवा होता. जोडणीचा खरा प्रश्न इथे सुरू झाला.

अमेरिकेत व्हिटाफोन पद्धतीत आवाज चक्क वेगळ्या तबकडीवर असायचा. एका मोटरला प्रोजेक्टर आणि तबकडी दोन्ही जोडलेले. सुई योग्य जागी ठेवून सुरुवात करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. मध्येच फिल्म तुटली आणि चार फ्रेम कापून जोडली, की पुढचा अख्खा भाग चार फ्रेमनं पुढे. सुईनं उडी मारली तर विचारूच नका. मग उत्तर सापडलं ते फार सुंदर आहे. आवाज फिल्मवरच छापायचा! चित्राच्या कडेला एक बारीक पट्टी. त्या पट्टीतून एका छोट्या दिव्याचा उजेड जातो, पट्टीची जाडी कमीजास्त होईल तसा उजेड कमीजास्त होतो, पलीकडचा फोटोसेल त्या उजेडाची वीज बनवतो, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि कर्ण्यातून आवाज येतो. उजेडाचाच आवाज केला!

पण एक अडचण होती. चित्र दिसायला फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबावी लागते. प्रत्येक फ्रेम भिंगासमोर क्षणभर उभी राहते, मग झटक्यानं पुढची. आवाजाला मात्र फिल्म एकसारखी सरकायला हवी. थांबली की आवाज तुटला. म्हणजे एकाच फिल्मला एकाच क्षणी थांबायचंही आहे आणि थांबायचं नाहीही. उपाय असा, की दोघांच्या जागाच वेगळ्या करायच्या. वर भिंगापाशी फिल्म झटक्याझटक्यानं चालणार. तिथून खाली एक सैल वेटोळं, ज्यात तो झटका जिरतो. त्याच्याखाली एका जड फिरत्या ड्रमवर फिल्म गुळगुळीत सरकणार आणि तिथे आवाज वाचला जाणार. त्यामुळे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज त्याच्या चित्राच्या २१ फ्रेम पुढे छापलेला असतो. म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर.

आता गंमत बघा. मधलं ते सैल वेटोळं दोन-तीन फ्रेमनं लहान किंवा मोठं झालं, की ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ते किती असावं हे शेवटी ऑपरेटरच्या बोटांना ठाऊक असायचं. शिवाय आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. हिशेब केला तर दर १४ मीटरला एक फ्रेम उशीर. मोठ्या तंबूत शेवटच्या रांगेतल्या माणसाला नायिकेचं रडणं दोनेक फ्रेम उशिरा ऐकू जाणार. अर्थात शेवटच्या रांगेतून तक्रार कधी आली नसावी. तिथल्या लोकांना मागून येणारा वारा झोंबत असणार.

तंबूतली वायरिंग

आता तंबूत चला. एक ट्रक, तीच प्रोजेक्टरची केबिन. ट्रकच्या हौद्यातच मशीन बसवलेलं, मागचं फळकूट उघडलं की समोर पडदा. रात्री जे वाहन केबिन व्हायचं तेच दिवसा गावात फिरून कर्ण्यावर जाहिरात करायचं आणि जत्रा संपली की सगळा पसारा घेऊन पुढच्या गावाला निघायचं. दोन बाजूंना कनाती, वर कापड, खाली जमीन. बसायला आपापली घोंगडी.

विजेची गोष्ट सांगायलाच हवी. कोयना सातारा जिल्ह्यातली, पण तिथला पहिला जनित्रसंच सुरू झाला १९६२ मध्ये. आणि त्यानंतरही जत्रेच्या माळावर वीज असेल याचा भरवसा नव्हता. त्यामुळे तंबूवाल्याचं स्वतःचं जनरेटर असायचं, डिझेल इंजिनावर चालणारं. मशीनचा दिवा म्हणजे कार्बन आर्क. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या, मध्ये थोडं अंतर आणि त्या अंतरात पेटलेली वीज. व्होल्टेज चाळीस-पन्नासच्या आसपास, पण करंट मात्र कित्येक दहा अँपिअर, आणि तोही डीसी हवा. म्हणून जनरेटर आणि मशीन यांच्यामध्ये रेक्टिफायर. कांड्या जळून आखूड व्हायच्या, अंतर वाढायचं, उजेड पिवळा पडायचा. ऑपरेटर दर थोड्या वेळानं काचेतून बघून कांड्या पुढे सरकवायचा. म्हणजे पडद्याचा रंग बघून त्याला दिव्याची तब्येत कळायची.

एक रीळ २,००० फुटांचं असेल तर ते साधारण २२ मिनिटं चालतं. पक्क्या थिएटरात दोन मशीन्स असायची, एक संपलं की दुसरं सुरू. तंबूत बहुतेक वेळा एकच मशीन. त्यामुळे रीळ संपलं की काळोख, शिट्ट्या, भेळवाल्याची फेरी आणि मग पुढचं रीळ. १९९१ चा 'माहेरची साडी' बघताना रडायला अशा मध्यंतरांचा किती आधार झाला असेल!

या सगळ्या साखळीकडे आपण इंजिनियर म्हणून बघू. इंजिन, जनरेटर, रेक्टिफायर, आर्क, फिल्म, छोटा दिवा, फोटोसेल, ॲम्प्लिफायर, कर्णा. नऊ दुवे. प्रत्येक दुवा उघडा, डोळ्यांना दिसणारा. आणि प्रत्येक बिघाडाची स्वतःची खूण. चित्र थरथरतंय म्हणजे फिल्म पुढे ढकलणारं दातेरी चाक झिजलंय. आवाज घोगरा झाला म्हणजे छोटा दिवा काळा पडलाय किंवा फिल्मच्या कडेला घाण साचलीय. चित्र आहे आणि आवाज अजिबात नाही, तर फोटोसेलपासून वायर चाचपत यायचं. ज्याला आपण डिबगिंग म्हणतो ते हेच. फरक इतकाच की हे करणारा माणूस फारसा शिकलेला नसायचा, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट, आणि बाहेर दोन-चारशे लोक शिट्ट्या मारत असायचे. आपली रिलीज नाइट त्यापुढे काहीच नाही.

मध्येच आलेला व्हिडिओ

तंबूच्या शेजारी आणखी एक प्रोजेक्टर गावोगाव फिरायचा, सरकारी गाडीतला. १६ मिलिमीटरचा, पेटीत मावणारा. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय. शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर चादर आणि तिकीट नाही! १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झाल्यावर अशा माहितीपटांचा पुरवठा वाढला. या फिल्मवर आवाज २६ फ्रेम पुढे. आकडा वेगळा, तत्त्व तेच.

मग ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. गणपतीत 'व्हिडिओ आणणे' हा वर्गणीतला एक स्वतंत्र खर्च झाला. भाड्याचा रंगीत टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, तीन कॅसेट आणि रात्रभर जागरण. इथे वायर पहिल्यांदा घरगुती झाली. एक अँटेनाची वायर, किंवा पिवळी-पांढरी अशी दोन टोकं. पिवळं चित्र, पांढरा आवाज. कुणालाही लावता येईल असं. पण दोन गोष्टी बदलल्या. पडदा बसकट झाला, आणि जत्रेतलं पब्लिक फुटायला लागलं. पुढे केबल आली आणि रोजचा सिनेमा घरात आला. तंबूवाल्याला खरा धक्का बसला तो इथे.

पंधरा पिना

आता आपल्या पिढीकडे येऊ. कॉम्प्युटरच्या मागची ती निळी, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए वायर आयबीएमनं १९८७ मध्ये आणली. योगायोग असा की पडदा उजळवणारी बारीक आरशांची चिप, जिच्यावर आजचे बरेच प्रोजेक्टर चालतात, ती लॅरी हॉर्नबेक यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये केली तीही १९८७ चीच. १०२४ गुणिले ७६८ च्या प्रोजेक्टरमध्ये ७,८६,४३२ आरसे! प्रत्येक जण सेकंदाला हजारो वेळा मान हलवतोय. कुठे ते झटके देणारं दातेरी चाक आणि कुठे हे.

पण वायर बघा. पंधरा पिना, पाच-पाचच्या तीन रांगा. पहिली लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. तेरा आणि चौदा नंबरवर ओळ आणि फ्रेम कधी सुरू होते त्याचा इशारा. बारा आणि पंधरा नंबरवरून प्रोजेक्टर लॅपटॉपला सांगतो, की बाबा रे, मला इतकंच रिझोल्यूशन झेपतं. आवाजासाठी? एकही पिन नाही! १९३१ मध्ये एवढा खटाटोप करून चित्र आणि आवाज एका फिल्मवर आणले, आणि कॉम्प्युटर आल्यावर आपण परत कल्याणच्या कंदिलापाशी. चित्र या वायरीतून, आवाज हेडफोनच्या भोकातून निघणाऱ्या दुसऱ्या वायरीतून. लग्नाच्या कार्यालयात, कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये, शाळेच्या स्नेहसंमेलनात जो घूंऽऽ असा आवाज यायचा तो याच दुसऱ्या वायरीचा प्रताप. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि मग ५० हर्ट्झची वीज त्या ऑडिओच्या वायरीतून फेरफटका मारते. चार्जर काढून बघायचा. आवाज थांबला तर दोन्ही प्लग एकाच बोर्डाला लावायचे. (हे आजही चालतं, करून बघा.)

तरीही या निळ्या वायरीचा एक गुण सांगितलाच पाहिजे. ती खोटं बोलत नसे. निळ्याची पिन वाकली की सगळा पडदा पिवळा. लालची गेली की माणसं निळसर-हिरवी. वायर लांब झाली की अक्षरांना सावली. म्हणजे बिघाड काय आहे ते पडद्यावरच लिहिलेलं. शाळेतला शिपाईही दोन वेळा बघून तिसऱ्या वेळी पिन सरळ करायचा. तंबूतल्या ऑपरेटरचा वारसा इथपर्यंत तरी शाबूत होता.

परवानगी मागणारी वायर

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचं पहिलं स्पेसिफिकेशन आलं. एकच वायर, चित्रही आणि आवाजही. आवाज-चित्राची तीच जुनी गाठ नव्यानं, आणि फार सुबक मारलेली. पण या वायरीत आणखी एक गोष्ट आली. काही व्हिडिओ चालवताना लॅपटॉप आधी समोरच्या प्रोजेक्टरची ओळख तपासतो. ओळख पटली तर चित्र, नाही तर काळा पडदा. वायर शाबूत, पिना सरळ, वीज आहे, दिवा आहे, आणि तरी चित्र नाही. कारण परवानगी नाही. पडदा काळा का आहे ते पडदा बघून कळायचा मार्गच उरला नाही.

सिनेमागृहात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. जुलै २००५ मध्ये हॉलिवुडच्या स्टुडिओंनी डिजिटल सिनेमाचं स्पेसिफिकेशन काढलं. सिनेमा कुलूपबंद फाइल म्हणून येणार, आणि त्याची किल्ली वेगळी येणार. ती ठरावीक मशीनसाठी, ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालणार. भारतात त्याच सुमारास यूएफओसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून सिनेमा थिएटरात पोचवायला सुरुवात केली. पुढच्या आठ-दहा वर्षांत रिळांचे डबे जवळजवळ दिसेनासे झाले.

यात वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. तंबूवाल्याला पूर्वी काय मिळायचं? शहरातल्या थिएटरांत झिजलेली, ओरखडे पडलेली, मधले तुकडे गायब असलेली प्रिंट, तीही कित्येक महिन्यांनी. डिजिटल झाल्यावर मुंबईच्या शुक्रवारचा सिनेमा गावातही शुक्रवारीच, तोही स्वच्छ. पायरसीला थोडा आळा बसला, निर्मात्याला हिशेब कळायला लागला. गावच्या माणसानं ओरखड्यांचा पाऊसच बघावा असा काही नियम नाही.

पण जमेच्या बाजूला एवढं लिहिल्यावर खर्चाची बाजूही लिहायला हवी. नऊ दुव्यांची ती साखळी ऑपरेटरच्या हातात होती. आता चित्राचा उगम उपग्रहात, किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर, दुरुस्ती शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये. माळावर उभ्या ट्रकमध्ये ऑपरेटर आहे, पण त्याचं काम बटण दाबणं आणि फोन लावणं. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट महाराष्ट्रातल्या फिरत्या तंबूंवर आहे. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याला खास उल्लेख मिळाला. त्यात तंबूवाले रिळांकडून डिजिटलकडे जाताना दिसतात, आणि प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले प्रकाश नावाचे एक कारागीर भेटतात, ज्यांनी स्वतःच्या डिझाइनचा प्रोजेक्टर बनवलाय. मिळाला तर जरूर बघा. असं डोकं असलेल्या माणसाला नव्या साखळीत जागा कुठली? किल्ली नसलेल्या मशीनमध्ये त्याचा स्क्रू ड्रायव्हर काय करणार?

मग आता काय?

हे सगळं जुन्याचं रडगाणं म्हणून लिहिलेलं नाही. तंबू परत येणार नाहीत आणि यायलाच हवेत असंही नाही. पण प्रोजेक्टर मात्र गावात परत आलाय, शाळेत.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करायची लाटच आली. सातारा-सांगलीतल्या गावांनीही लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, लॅपटॉप, स्पीकर घेतले. एके काळी गणपतीला व्हिडिओ आणायला जी वर्गणी निघायची, ती आता शाळेच्या पडद्यासाठी. मला याचं फार कौतुक वाटतं. पण दिव्याचे प्रोजेक्टर म्हटले की दिव्याचं आयुष्य साधारण तीन ते पाच हजार तास, तेही फिल्टर साफ ठेवला तर. माण-खटावची धूळ आणि जतचा उन्हाळा माहीत असलेल्यानं याचा अंदाज बांधावा. दिवा गेला की नवा दिवा महाग. वर्गणी उद्घाटनाला निघते, दिव्याला निघत नाही. मग पांढरी पेटी कपाटावर जाते आणि तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बसते.

याच भागातला आणखी एक धडा आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत कॉम्प्युटर बसवायचा मोठा प्रकल्प सुरू झाला. देशभर गाजला. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर कॉम्प्युटरचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींपुरता, आणि मशीन चालू ठेवणं हीच डोकेदुखी. मग सात गावांत त्यांनी तेच काम साध्या मोबाइलवर एसएमएसनं करून दाखवलं. चाललं! गावाला तंत्रज्ञान झेपत नव्हतं असं नाही. बिघडलं की हाताशी दुरुस्ती नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्यापैकी अनेक जण दिवाळीला गावी जातात, शाळेला काहीतरी द्यावं असं मनात असतं, आणि मग एखादा प्रोजेक्टर दिला जातो, फोटो निघतो. पुढच्या वेळी पेटीबरोबर चार गोष्टी आणखी द्या. दिवा न लागणारा, एलईडी किंवा लेझरचा प्रोजेक्टर मिळत असेल तर तो. एक जास्तीची वायर आणि एचडीएमआय-व्हीजीएचा आवाजासह चालणारा कन्व्हर्टर. भिंतीवर एक कागद, त्यावर मराठीत: आधी कुठली वायर, मग कुठलं बटण, चित्र नाही आलं तर काय बघायचं, आवाज नाही आला तर काय बघायचं. आणि चौथी गोष्ट, अर्धा दिवस. गावातला वायरमन, एखादी उत्साही शिक्षिका आणि सातवीतली चार पोरं बसवून पेटी उघडून दाखवायची, फिल्टर काढायला लावायचा, मुद्दाम वायर सैल करून "आता शोधा" म्हणायचं. पोरं लवकर शोधतात, आपल्या मीटिंगमधल्या दहा जणांपेक्षा नक्कीच लवकर.

असो. लेख फारच लांबला. सोमवारी मीटिंगमध्ये 'नो सिग्नल' आलं तर एवढं करा: आधी प्रोजेक्टरचा सोर्स बघा, मग विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा. आणि चित्र येईपर्यंत एखादा विनोद सांगायला विसरू नका. पटवर्धनांच्या काळापासून तीच पद्धत आहे.